चाकांवरचीं चाकें

वारजें येथें आगगाडी नाहीं. मुठेच्या कांठचें हें एकेकाळचें शेतकऱ्यांचें खेडें आतां पुणें शहरांत विरून गेलें आहे. मुंबई-बंगळूर महामार्ग त्याच्या अंगावरून रात्रंदिवस वाहतो. पण रुळांचा खडखडाट ऐकावयाचा असेल, तर पुणें स्टेशनापर्यंत जावें लागतें. असें असतांहि आगगाडीविषयींच्या एका प्रश्नानें वारज्यांतील माझ्या घरांत गेलें वर्षभर ठाण मांडलें होतें, आणि त्याचा माग काढतां काढतां मला भोरघाट, कुर्डुवाडी, कोंकण, इंग्लंड आणि अमेरिका एवढा प्रवास घरबसल्या घडला. तो प्रश्न एका दहा वर्षांच्या मुलानें विचारलेला होता. म्हणून वाचकांनीं तो क्षुल्लक समजूं नये, एवढीच विनंति.

हकीकत अशी. माझ्या नातवाला लहान आगगाड्यांचा नाद आहे. माळ्यावरच्या खोलींत एका जुन्या टेबलावर आम्ही दोघांनीं रूळ मांडले आहेत. महामार्गावरून नव्या मोटारी लादून जाणारीं लांबलचक वाहनें तो रोज पाहतो. तेव्हां आपल्याहि आगगाडीवर मोटारी असाव्यात असें त्यानें ठरविलें. आम्ही पुठ्ठा आणि पातळ लांकूड कापून आठ सपाट वाघिणी तयार केल्या, बाजारांतून लहान मोटारी आणल्या, आणि एकेका वाघिणीवर दोन दोन याप्रमाणें त्या सरसाच्या थेंबानें चिकटविल्या. गाडी मोठी देखणी दिसत होती. मुलानें ती बराच वेळ निरखली आणि विचारलें, "आजोबा, ह्या मोटारी वर चढल्या कशा? आणि गोव्याला उतरणार कशा?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. मीं आयुष्यांत आगगाडीनें हजारों कोस प्रवास केला, रेल्वेच्या इतिहासावर जें हातीं पडलें तें वाचलें. पण मोटार वाघिणीवर चढते कशी, याचा विचार माझ्या मनाला कधीं शिवला नव्हता. हा दोष माझ्या एकट्याचा आहे असें मला वाटत नाहीं. रेल्वेचे इतिहासकार मैल मोजतात, बोगदे मोजतात, इंजिनांची शक्ति सांगतात. माल चढविणें आणि उतरविणें याला मात्र त्यांच्या ग्रंथांत अर्धी ओळहि मिळत नाहीं. वस्तुतः वाहतुकीचा खरा खर्च, खरे श्रम आणि खरी नुकसानी हीं पुष्कळदां वाटेवर नसून दोन टोकांना असतात. गाडी धांवते तेव्हां यंत्र काम करतें. ती उभी राहते तेव्हां माणसें कामाला लागतात. इतिहास यंत्राचा लिहिला गेला, माणसांचा राहून गेला.

आपल्या भाषेनें वॅगनला 'वाघीण' असें नांव दिलें, तें किती मार्मिक आहे पाहा. इंग्रजी शब्दाला मराठी कातडें चढवितांना कोणा अनामिक हमालानें त्याची हिंस्र पशूच्या मादींत गणना केली. ज्यानें पाठीवर पोतें घेऊन तिच्या दारांत फळीवरून तोल सांभाळीत पाऊल टाकलें असेल, त्यालाच हें नांव सुचावें. वाघिणी नाना जातींच्या असतात: बंद, उघड्या, तेलाच्या, कोळशाच्या. आपला संबंध आहे तो जिला भिंत नाहीं, छप्पर नाहीं, केवळ चाकांवर टाकलेला पाट आहे अशा सपाट वाघिणीशीं. आणि तिच्यावर जो माल चढतो, तोहि स्वतः चाकांचाच! चाकांवर चाकें, हा या लेखाचा विषय आहे.

ही कल्पना मोटारीहून फार जुनी आहे. १८३० सालीं लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यामध्यें रेल्वे सुरू झाली, तेव्हां इंग्लंडांतील धनिक लोकांना परक्यांशेजारीं बांकावर बसणें रुचेना. ते आपली घोड्यांची बग्गी सपाट वाघिणीवर चढवीत, ती सांखळ्यांनीं जखडून घेत, आणि तिच्यांतच ऐटीनें बसून प्रवास करीत. घोडे निराळ्या डब्यांतून येत. त्याकरितां स्टेशनाच्या एका टोकाला एक विशेष धक्का बांधावा लागे. नेहमींचा फलाट रुळांच्या बाजूस असतो. हा धक्का रुळांच्या शेवटाला, वाघिणीच्या तोंडासमोर असे. बग्गी मागून ढकलली कीं ती धक्क्यावरून सरळ वाघिणीवर जाई. बाजूनें चढवावयाची म्हटली, तर अरुंद पाटावर बग्गी आडवी वळवावी लागली असती, आणि तें अशक्य होतें. हिंदुस्थानांत रेल्वे आली तेव्हां ही रीतहि तिच्याबरोबर आली. जुन्या वेळापत्रकांत उतारूंच्या भाड्याबरोबर घोडे व गाड्या यांचे दरहि छापलेले असत. तात्पर्य, नातवाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर जवळजवळ दोनशें वर्षांपूर्वींच देऊन झालें होतें: चाकांचा माल टोकाकडून चढतो, बाजूनें नव्हे.

आतां आपल्या दारचें उदाहरण घेऊं. १८५३ च्या १६ एप्रिल रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हें शाळकरी मुलांनाहि पाठ असतें. परंतु पुण्याला रेल्वे कशी आली याची हकीकत अधिक बोधप्रद आहे. १८५६ त मुंबईकडून रूळ घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत पोंचले. १८५८ त पुणें ते खंडाळा हा घाटमाथ्यावरील भाग सुरू झाला. आणि भोरघाट मात्र १८६३ पर्यंत तयार व्हावयाचा होता. म्हणजे पांच वर्षें आगगाडी खालींहि होती आणि वरहि होती, मध्यें मात्र घाट होता. खोपोलीस उतारू उतरत आणि पालखी, तट्टू किंवा बैलगाडी यांतून खंडाळ्याला चढत. मालाची गत याहून वाईट. मुंबईस एकदां वाघिणींत भरलेलें गांठोडें खोपोलीस उतरे, बैलगाडींत चढे, खंडाळ्यास पुन्हां उतरे, पुन्हां वाघिणींत चढे, आणि पुण्यास शेवटचें उतरे. एका प्रवासांत तीन वेळां चढणें आणि तीन वेळां उतरणें. प्रत्येक वेळीं हमालाची मजुरी, प्रत्येक वेळीं फुटतूट, प्रत्येक वेळीं पावसाची धास्ती. पुढें सुमारें पंधरा मैलांत अठराशें फुटांहून अधिक चढणारा तो घाट बांधून झाला, तेव्हां बोगद्यांचें कौतुक झालें. परंतु त्या बोगद्यांनीं खरें काय वांचविलें, तर खोपोली व खंडाळा येथील ही दोनदांची उचलाउचल.

उचलाउचलीचें हें दुखणें पुढें दुसऱ्या रूपानें परत आलें. आपल्या प्रांतांत रुळांच्या रुंदीचे तीन प्रकार होते. पुण्याहून मिरजेकडे जाणारा मार्ग मीटर रुंदीचा होता, आणि १९७१ त तो रुंद होईपर्यंत मुंबईकडून आलेला दक्षिणेचा माल पुण्यास एका वाघिणींतून दुसऱ्या वाघिणींत घालावा लागे. कुर्डुवाडीस १८९७ त बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ सुरू झाला. तेथेंहि तीच स्थिति. बार्शीचा हा चिमुकला मार्ग ज्याच्या कल्पकतेनें झाला, तो इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप याच्या मनांत हें दुखणें घर करून राहिलें असावें. कारण पुढें १९०४ त इंग्लंडमध्यें लीक व मॅनिफोल्ड या खोऱ्यांतील तितक्याच अरुंद मार्गाकरितां त्यानें विशेष वाहक वाघिणी योजिल्या, आणि त्यांच्यावर मोठ्या रुळांची अख्खी वाघीण चढवून नेण्याची सोय केली. लहान बहिणीनें मोठीला पाठुंगळीस घ्यावें तसा तो देखावा असे. माल हलवावयाचा नाहीं, मालाचें भांडेंच उचलावयाचें, हें तत्त्व त्यांत स्पष्ट दिसतें. चाकांवरच्या चाकांचा सारा इतिहास म्हणजे या एका तत्त्वाचा विस्तार होय.

या तत्त्वाला शास्त्राचें रूप कोणी दिलें असेल, तर तें रेल्वेच्या अधिकाऱ्यांनीं नव्हे, सर्कसवाल्यांनीं. अमेरिकेंत १८७२ त बार्नम यांची प्रचंड सर्कस रेल्वेनें फिरूं लागली. तिचा व्यवस्थापक विल्यम कूप याच्यापुढें प्रश्न होता, तो पिंजऱ्यांचीं आणि सामानाचीं अनेक अवजड गाडीं एका रात्रींत वाघिणींवर चढविण्याचा, आणि पहांटे दुसऱ्या गांवीं उतरविण्याचा. प्रत्येक वाघीण वेगळी धक्क्याला लावीत बसलें, तर दोन दिवसहि पुरते ना. तेव्हां युक्ति निघाली ती अशी कीं, साऱ्या सपाट वाघिणी एका रांगेंत जोडून ठेवावयाच्या. दोन वाघिणींमधील फटीवर लोखंडी पत्रे टाकावयाचे. शेवटच्या वाघिणीला एक उतरण लावावयाची. आणि पहिलें गाडें त्या उतरणीवरून चढवून, साऱ्या वाघिणींवरून ओढीत, पार दुसऱ्या टोकाला नेऊन उभें करावयाचें. त्याच्यामागें दुसरें, त्याच्यामागें तिसरें. वाघिणींची रांग हाच रस्ता! ओढावयास घोडे, आणि उतरतांना गाडें अंगावर येऊं नये म्हणून खांबाला वेढे दिलेला दोर. अमेरिकेचे रेल्वेवाले या रीतीला पुढेंहि 'सर्कशीची भरणी' असेंच म्हणत राहिले. आपल्याकडे विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० त सर्कस काढली, आणि त्यांच्यामागून निघालेल्या मराठी सर्कशी तंबू, जनावरें आणि माणसें यांसह आगगाडीनेंच देश पालथा घालीत. त्या सर्कशींतील वाघांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें. वाघिणींवर कोणी लिहिलें नाहीं.

विसाव्या शतकांत घोड्याच्या बग्गीची जागा मोटारीनें घेतली. आरंभीं मोटार बंद वाघिणींत नेत. वाघिणीच्या शेवटच्या भिंतीला दार ठेवीत, तेथून मोटार आंत लोटीत, आणि जागा वांचावी म्हणून कांहीं मोटारी पुढून उचलून तिरप्या टांगीत. १९३६ त अमेरिकेच्या शिकागो ग्रेट वेस्टर्न रेल्वेनें मालमोटारीचीं मागचीं धुडें सपाट वाघिणींवर नेण्याचा नियमित क्रम सुरू केला. १९६० च्या सुमारास दोन व तीन मजल्यांच्या वाघिणी आल्या. या स्पर्धेंत १९७० च्या सुमारास एक गंमत घडली. जनरल मोटर्स आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे यांनीं 'व्हेगा' या लहान मोटारीकरितां अशी वाघीण केली, कीं तिच्यांत मोटारी नाक खालीं करून उभ्याच टांगीत. तीन मजल्यांवर अठरा मोटारी मावत, तेथें ह्या रीतीनें तीस मावूं लागल्या. परंतु मोटार उभी टांगावयाची तर इंजिनांतलें तेल सांडतां कामा नये, बॅटरींतलें आम्ल गळतां कामा नये. म्हणून मोटारीचीच रचना बदलावी लागली. लादण्याच्या सोयीनें लादली जाणारी वस्तु बदलली! चढउताराला क्षुल्लक समजणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. तें मोटारीचें मॉडेल बंद झालें आणि त्याबरोबर ती वाघीणहि निकामी झाली.

हिंदुस्थानांत मोटारींच्या कारखान्यांचा माल वाढला, तेव्हां रेल्वेनें एक काटकसरीचा मार्ग काढला. उतारूंचे जुने, सेवेंतून उतरलेले डबे घेतले; बांकें काढून टाकलीं, खिडक्या बंद केल्या, आणि दोन्ही टोकांना रुंद दारें ठेवलीं. डब्यांमागून डबा जोडला कीं आंतून एक लांब ओसरी तयार होते. मोटार एका टोकाकडून शिरते आणि चालत पुढें जाते. पुढें दुमजली मोटारवाहक वाघिणीहि झाल्या. आमच्या पुण्यालगत चिंचवडच्या मालधक्क्यावरून अशा गाड्या भरल्या जातात. ज्या डब्यांतून कधीं काळीं वारकरी आणि चाकरमाने गेले असतील, त्याच डब्यांतून मोटारी जातात, हें पाहून कोणाला खेद वाटेल, कोणाला हंसूं येईल. मला तर त्यांत कूपच्या सर्कशीची भरणी दिसते.

परंतु नातवाला हवी होती ती उघडी गाडी, आणि उघड्या गाडीचें खरें उदाहरण आपल्या कोंकणांत आहे. रोह्यापासून मंगळूरजवळील ठोकुरापर्यंतच्या कोंकण रेल्वेवर २६ जानेवारी १९९८ पासून सलग वाहतूक सुरू झाली; आणि बरोबर एका वर्षानें, २६ जानेवारी १९९९ रोजीं, रायगड जिल्ह्यांतील कोलाड व गोव्यांतील वेर्णा यांच्यामध्यें भरलेल्या मालमोटारी अख्ख्याच्या अख्ख्या सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा तिनें सुरू केली. या देशांतील हा पहिलाच प्रयोग. लोक तिला 'रो-रो' म्हणतात. चाकांवरून चढा आणि चाकांवरून उतरा, एवढाच तिचा अर्थ. पुढें ती दक्षिणेस सुरतकलपर्यंत वाढविली गेली.

यांतील उलटापालट लक्षांत घेण्याजोगी आहे. १८५८ त आगगाडी घाटाशीं अडली आणि बैलगाडीनें तिला हात दिला. १९९९ त मालमोटार घाटांशीं झुंजत होती आणि आगगाडीनें तिला पाठीवर घेतलें. मुंबई-गोवा महामार्ग म्हणजे कशेडीसारखे घाट, आंधळीं वळणें, पावसाळ्यांतील दरडी. तो रस्ता रात्रीं चालविणाऱ्या मोटारवाल्याची स्थिति आपण घरीं बसून कल्पूं शकत नाहीं. या सेवेंत चालक आणि क्लीनर आपल्याच मालमोटारींत बसून राहतात. चारशें किलोमीटरांहून अधिक वाट त्यांच्या पायाखालून जाते आणि त्यांना चाक हातीं धरावें लागत नाहीं. डिझेल वांचलें, टायर वांचले, असे हिशेब पुष्कळ मांडले गेले. एका माणसाला रात्रभर निर्धास्त झोंप मिळाली, ही जमेची बाजू कोणत्या वहींत लिहावयाची?

आतां या भरणीचा क्रम पाहूं, कारण नातवाच्या प्रश्नाचें उरलेलें उत्तर त्यांत आहे. पहिली गोष्ट, उतरणीच्या बाजूला इंजिन असून चालत नाहीं. तें सोडवून बाजूला न्यावें लागतें, किंवा दुसऱ्या टोकाला ठेवावें लागतें. दुसरी गोष्ट, वाघिणी सरळ रुळावर उभ्या पाहिजेत. वळणावर दोन वाघिणींमधली फट एका बाजूस रुंद आणि दुसऱ्या बाजूस अरुंद होते, आणि मधला पत्रा नीट बसत नाहीं. तिसरी गोष्ट उंचीची. वाघिणीचा पाटच जमिनीपासून हातभर नव्हे, चांगला कमरेहून वर. त्यावर मालमोटार, तिच्यावर ताडपत्रीची फुगलेली पाठ. बोगद्याच्या कमानींत ती मावली पाहिजे. म्हणून चढण्यापूर्वीं तिचें माप घेतात. २०२२ त कोंकण रेल्वेच्या सर्व मार्गाचें विद्युतीकरण पुरें झालें, तेव्हांपासून डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टांची तार आहे. ताडपत्री सारखी करावयास कोणी सहज टपावर चढला, तर तो परत उतरेलच असें नाहीं.

चौथी गोष्ट दिशेची, आणि ती मला सर्वांत मनोरंजक वाटते. समजा, उत्तरेकडील स्थानकावर उतरण गाडीच्या उत्तर टोकाला आहे. मोटार दक्षिणेकडे तोंड करून चढली आणि चालत पुढच्या वाघिणीपर्यंत गेली. आतां दक्षिणेकडील स्थानकावर उतरण दक्षिण टोकाला असेल, तर ती सरळ पुढें चालून उतरेल, आणि जी प्रथम चढली ती प्रथम उतरेल. पण तेथेंहि उतरण उत्तर टोकालाच असेल, तर सगळ्यांना साऱ्या गाडीवरून उलट चालत यावें लागेल, आणि शेवटीं चढलेला प्रथम सुटेल. रुंद पाटावर दोन्ही बाजूंना वीतभर जागा असतां भरलेली मालमोटार पंधरा-वीस वाघिणींवरून उलटी आणणें म्हणजे काय, हें चालकालाच विचारावें. तेव्हां एका धक्क्याची जागा ठरवितांना शेंकडों कोसांवरील दुसऱ्या धक्क्याचा विचार करावा लागतो.

पांचवी गोष्ट बंधनाची. मोटार उभी राहिली कीं हातब्रेक ओढावयाचा, गिअर घालावयाचा, चाकांना पुढून-मागून उटी लावावयाची, सांखळ्या ताणावयाच्या, आणि गाडी सुटण्यापूर्वीं मधले पत्रे उचलून घ्यावयाचे. चाकाला उटी लावण्याचें काम क्लीनरचें. घाटांत गाडी बंद पडली कीं दगड घेऊन धांवणारा तोच. महामार्गाची सारी सुरक्षितता त्या पोराच्या हातांतल्या लांकडी गुटक्यावर विसंबलेली असते, आणि त्याचें नांव कोणत्याहि कागदावर नसतें.

हें सारें कळल्यावर आम्ही पुन्हां टेबलाकडे वळलों. आमच्या चुका एकामागून एक उघड्या पडूं लागल्या. आमचे रूळ एकास सत्त्याऐंशी या प्रमाणाचे. म्हणजे अडीच मीटर रुंदीची मालमोटार एकोणतीस मिलिमीटर भरली पाहिजे. बाजारांतून आणलेल्या मोटारी एकास चौसष्ट प्रमाणाच्या निघाल्या. त्या प्रमाणाची मालमोटार एकोणचाळीस मिलिमीटर रुंद होते, आणि आमची वाघीण तर चौतीसच मिलिमीटर! चाकें पाटाबाहेर लोंबत होतीं, आणि कौतुकाच्या भरांत तें आम्हांला दिसलें नव्हतें. आम्ही नव्या मोटारी कोरल्या. उटी लावावयाची, तर खऱ्या वीतभर गुटक्याचे अडीच मिलिमीटर होतात. त्या आगकाडीच्या टोंकांतून कापल्या. मग मुलानें पातळ पत्र्याचे तुकडे करून वाघिणींमध्यें टाकले, आणि ते हलूं नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पक्के चिकटविले. गाडी सरळ रुळावर झोकांत निघाली; पहिल्या वळणावर आठच्या आठ वाघिणी रुळांवरून खालीं आल्या.

मीं हंसलों नाहीं. कारण त्या क्षणीं मला जें कळलें, तें ग्रंथांत कळलें नव्हतें. दोन वाघिणी एकमेकींशीं जोडलेल्या असल्या तरी वळणावर त्यांना एकमेकींपासून थोडें वळावें लागतें. भरतांना त्यांचा एक अखंड रस्ता पाहिजे, आणि धांवतांना मात्र त्या सुट्या पाहिजेत. पत्रा टाकणें हें जितकें आवश्यक, तितकेंच तो काढणें. आणि तो काढणारा कोणीतरी माणूस, सगळ्या मोटारी चढल्यावर आणि सगळे चालक निजल्यावर, कंदील घेऊन गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात असला पाहिजे. आमच्या टेबलावर तो माणूस नव्हता. म्हणून आमची गाडी घसरली.

वारज्याहून जवळच, कोथरूडला, कै. भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लघु-रेल्वेंचें संग्रहालय आहे. एका गृहस्थाच्या छंदांतून तें वाढत गेलें आणि १ एप्रिल १९९८ पासून लोकांना खुलें झालें. म्हणजे कोंकणांत सलग गाडी सुरू झाली त्याच वर्षीं. तेथील चिमुकल्या नगरींत स्थानकें, सिग्नल, पूल आहेत. सर्कशीचा तंबूहि आहे. मीं नातवाला घेऊन तेथें गेलों. इतर मुलें गाड्यांच्या वेगाकडे पाहत होतीं. हा मात्र प्रत्येक स्थानकाच्या टोकाशीं वांकून कांहीं शोधीत होता. पुष्कळ वेळानें म्हणाला, "आजोबा, सर्कशीच्या गाड्या उतरतात कोठें?" मला धन्यता वाटली. पाहणें आणि पारखणें यांतील अंतर तो ओलांडून गेला होता. लहान प्रतिकृतीचें खरें मोल हेंच आहे. ग्रंथांत 'मोटारी चढविल्या' असें कर्मणि प्रयोगानें लिहून मोकळें होतां येतें. प्रतिकृतींत तशी पळवाट नाहीं. उतरण कोठें, तिचा चढ किती, पत्रा कोण उचलतो, याचें उत्तर दिल्यावांचून गाडी पुढें सरकत नाहीं.

२०२५ सालच्या गणेशोत्सवांत कोंकण रेल्वेनें याच कोलाड-वेर्णा मार्गावर घरगुती मोटारींकरितांहि अशी गाडी सोडली. वीस वाघिणींवर चाळीस मोटारी. प्रत्येक मोटारीस ७,८७५ रुपये. माणसांनीं मात्र त्याच गाडीच्या उतारू डब्यांत बसावयाचें. संध्याकाळीं निघून पहांटे पोंचणारी ही गाडी सिंधुदुर्गांत नांदगांव रोडलाहि थांबेल अशी सोय करण्यांत आली. बातमी वाचतांच नातवानें विचारलें कीं, मधल्या स्थानकावर उतरणाऱ्या मोटारी जर रांगेच्या मधोमध असतील, तर त्या बाहेर कशा येणार? म्हणजे त्या उतरणीच्या टोकालाच ठेवल्या पाहिजेत. मीं कांहीं बोललों नाहीं. एक वर्षापूर्वीं ज्याला मोटार वर कशी चढते हें ठाऊक नव्हतें, तो आतां भरणीचा क्रम लावीत होता. १८३० च्या त्या हौशी धनिकांपासून गणपतीला कोंकणांत निघालेल्या कुटुंबापर्यंतचें वर्तुळही त्याच्या प्रश्नांत पुरें झालें होतें. आपली गाडी बरोबर हवी, पण वाटेचा शीण नको, ही इच्छा दोघांचीहि एकच.

शेवटीं एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्या प्रांतांतील जुन्या लहान स्थानकांच्या आवारांत, मालधक्क्याच्या बाजूस, रुळांच्या शेवटाला दगडी बांधणीचे टोकाचे धक्के असत. कोणावरून तोफा आणि रणगाडे चढले असतील, कोणावरून संस्थानिकांच्या मोटारी, कोणावरून सर्कशीचे पिंजरे. स्थानकें वाढतात, रूळ दुहेरी होतात, आणि हे धक्के कोणाच्याहि नकळत उखडले जातात. देवळाचें शिखर पडलें तर गांव हळहळतें. धक्का पडला तर त्याची नोंदहि होत नाहीं. त्यांना वांचवावें असा माझा आग्रह नाहीं, कारण सगळें वांचवितां येत नाहीं. पण पाडण्यापूर्वीं कोणी त्यांची लांबी, रुंदी, उंची आणि चढ मोजून ठेवावा, त्यांवर काम केलेले म्हातारे हमाल व सांधेवाले हयात आहेत तोंवर त्यांना चार प्रश्न विचारावेत. हें काम सरकारी खात्याचें नव्हे, सुट्टींत गांवीं जाणाऱ्या कोणत्याहि मुलाला तें एका टेपानें आणि एका वहीनें करतां येईल.

आमच्या घरीं त्याचा आरंभ झाला आहे. टेबलाच्या टोकाला आतां पुठ्ठ्याची एक उतरण आहे. मधले पत्रे चिकटविलेले नाहींत, ते चिमट्यानें उचलावे लागतात. मोटारी एकेक करून चढतात, उट्या लागतात, पत्रे निघतात, आणि मगच गाडी सुटते. या सगळ्याला वीस मिनिटें लागतात, आणि गाडीची फेरी एका मिनिटांत संपते. पाहुणे आले कीं विचारतात, एवढा खटाटोप कशाला? नातू त्यांना थांबावयास सांगतो आणि पुढचा पत्रा उचलतो. गाडीच्या शेवटच्या वाघिणीपाशीं त्यानें आगकाडीचा एक माणूस उभा केला आहे. त्याच्या हातांत तांबड्या रंगाचा एक ठिपका आहे. तो कंदील होय.